विजेच्या शंका : उसना न्यूट्रल

प्रश्न : भाई, सप्रेम नमस्कार. आमचे घर डिचोली तालुक्यात, जुने, चिऱ्याचे, वर मंगळुरी कौले. कनेक्शन थ्री फेज. मी घरूनच काम करतो. माडीवरच्या खोलीत एक छोटा सर्व्हर, फोटो आणि कागदपत्रे साठवायची दोन डिस्कची पेटी, राउटर आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग असे सगळे चोवीस तास चालू असते. वॉटमीटर लावून पाहिले तर मिळून १३० वॉटच्या आसपास भरते. त्यासाठी १ केव्हीएचा यूपीएस घेतला. पण मागच्या पडवीतून विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप सुरू केला की यूपीएस टकटक करतो, शिटी मारतो. पंपाची आणि माडीवरची लाइन एकच, दीडची (दीड चौरस मिलिमीटर) वायर. पावसाळ्यात तर मधूनच घराचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, आणि मी घरी नसलो की थोड्या वेळाने सगळे झोपते. वायरमन म्हणतो, "एवढ्याशा लोडला वेगळी लाइन कशाला? फार तर एक फेज वर देतो, न्यूट्रल तिथलाच घेऊ." कॉम्प्युटरवाला म्हणतो, सर्व्हरचे अर्थिंग वेगळे काढा, घराच्या अर्थिंगला जोडू नका. आई म्हणते, गडगडायला लागले की बंद करून ठेव. कोणाचे ऐकू?
— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : आधी आईचे. का, ते पुढे येईल. वायरमनचे गणित बरोबर आहे, निकाल तेवढा चुकला. कॉम्प्युटरवाल्याने मनापासून सांगितले असेल, पण त्याचे ऐकलेत तर एखाद्या मे महिन्यातल्या संध्याकाळी पस्तावाल.

१३० वॉट म्हणजे छताचे दोन पंखे. यूपीएसचे चार्जिंग धरले तरी अँपिअरभर. लोडचाच हिशेब करायचा तर वेगळ्या लाइनची गरज नाही, हे कोणीही सांगेल. वेगळी लाइन घ्यायची ती शेजार वाईट आहे म्हणून. तुमच्या सर्व्हरचा शेजारी पंप आहे, आणि तो उठताना घर हलवून उठतो.

हिशेब मांडून दाखवतो. एक हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप चालताना सहा-सात अँपिअर घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाचपट. तीस अँपिअर धरा. दीडच्या तांब्याच्या वायरला किलोमीटरमागे बारा ओहम रेझिस्टन्स असतो. डीबीपासून, म्हणजे घरात वीज वाटणाऱ्या पेटीपासून, मागच्या पडवीपर्यंत अठरा मीटर असतील तर जाऊन-येऊन छत्तीस मीटर, म्हणजे ०.४४ ओहमच्या जवळपास. तीस गुणिले ०.४४ केले की तेरा व्होल्ट त्या एका वायरीत गेले. खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरीत पडतात ते आणखी. संध्याकाळी मुळातच २१० व्होल्ट येत असतील तर यूपीएसच्या दृष्टीने ते वीज गेल्यासारखेच. तो आतला रिले (आपोआप फिरणारा स्विच) फिरवतो, त्यानेही भागले नाही तर बॅटरीवर जातो. टकटक ती रिलेची, शिटी ती बॅटरीची. दिवसातून चार वेळा हे झाले तर बॅटरी चार घास खाऊन झिजते आणि तुम्हाला वाटते कंपनी खराब.

वेगळी लाइन केली की हे तेरा व्होल्ट सुटतात. खांबाकडून येणाऱ्या वायरीतली घट सुटत नाही. पण तुमच्याकडे तीन फेज आहेत. पंप एका फेजवर आणि सर्व्हर दुसऱ्या फेजवर टाका, तीही बरीचशी सुटेल.

आता न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर. "न्यूट्रल तिथलाच घेऊ" हे वाक्य कोणत्याही वायरमनच्या तोंडून आले की त्याला चहा द्या आणि काम थांबवा. उसन्या, म्हणजे दुसऱ्या लाइनकडून घेतलेल्या, न्यूट्रलची गोष्ट मी लोकांच्या घरची सांगत नाही. फोंड्याला माझ्याच घरात झाली, २०११ च्या चवथीला (गणेश चतुर्थीला), आणि वायरिंग माझ्याच हातचे होते. खाणीच्या वर्कशॉपात क्रशरच्या मोटारी रिवाइंड करण्यात उमर गेली, घरचे काम मात्र रविवारी दुपारी जेवणानंतर केलेले.

भाचा आमच्याकडे राहून शिकत होता. त्याला आतल्या खोलीत कॉम्प्युटरसाठी लाइन हवी होती. मी डीबीत नवा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) घातला, रेड, यलो, ब्लू या तीन फेजपैकी यलो दिला. जुन्या पाइपातून एकच वायर सरकली, दुसरी अडली. मग हॉलच्या बॉक्सातून न्यूट्रल लूप मारून घेतला. हॉल होता रेड फेजवर. दोन वर्षे काही झाले नाही, त्यामुळे माझी खात्री पटली की मी हुशार आहे.

त्या वर्षी माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या फळाफुलांच्या सजावटीवर, उजेड पडावा म्हणून हॉलमध्ये पिवळे फोकस लावले होते. संध्याकाळची आरती सुरू झाली आणि कोणीतरी सगळे फोकस एकदम लावले. हॉलच्या बॉक्सातला न्यूट्रलचा स्क्रू आधीच ढिला असणार, तो तापून सुटला. फोकस बघता बघता समईएवढे झाले. त्याच वेळी आतून फटकन आवाज आला आणि मोडेमच्या अडॅप्टरचा तो गोडसर जळका वास हॉलपर्यंत. आरती थांबली नाही, मी थांबलो. आत जाऊन प्लगमध्ये मीटर लावला तर काटा ३६० च्या पुढे.

काय झाले ते समजून घ्या, कारण तुमचा वायरमन तुमच्याकडे हेच करणार आहे. एका फेजचे न्यूट्रलशी २३० व्होल्ट, पण दोन फेजचे एकमेकांशी सुमारे ४००, आमच्याकडे तेव्हा ४१५ होते. न्यूट्रल जागेवर आहे तोवर दोन्ही फेज आपापल्या घरात राहतात. तो सुटला की रेडवरचे फोकस आणि यलोवरचा कॉम्प्युटर एकाच माळेत ओवले जातात आणि माळेच्या दोन टोकांना ४१५ व्होल्ट. माळेत जो लोड हलका, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. फोकस जड होते, ते मंदावले. कॉम्प्युटर हलका होता, तो मेला. एमसीबी पडला नाही, कारण करंट कुठेच वाढला नव्हता. आरसीसीबी पडला नाही, कारण चार पोलच्या आरसीसीबीला तीन फेज आणि न्यूट्रलची बेरीज दिसते, आणि ती शून्यच होती. दोघेही आपापले काम चोख करत उभे होते.

भाचा काही बोलला नाही. बहीण बोलली.

म्हणून तुमच्या माडीवर डीबीपासून फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तीन वायरी जायला हव्यात, सलग, मधे कुठेही जोड न देता, आणि मधल्या कोणत्याही बॉक्सात न उघडता. जुन्या पाइपात मावत नसतील तर भिंतीवरून केसिंग-कॅपिंग न्या. चिऱ्याची भिंत फोडण्यापेक्षा ते बरे, आणि जुन्या घराला शोभतेही. तिन्ही वायरी अडीचच्या, तांब्याच्या. फेजचा रंग तुम्ही निवडाल त्या फेजप्रमाणे तांबडा, पिवळा किंवा निळा. न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. एका अँपिअरला अडीचची वायर जास्त वाटेल, पण माडीवर कौलांखालून जाणारा पाइप मे महिन्यात दुपारी हातात धरवत नाही, आणि गरम जागेत वायरीची ताकद कमी धरावी लागते. शिवाय उद्या तुम्ही २ केव्हीएचा यूपीएस आणाल, तो पूर्ण लोडला नऊ अँपिअर घेईल. पुन्हा वायर ओढायची नाही.

डीबीत या लाइनला आरसीबीओ बसवा, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत. १६ अँपिअर, सी कर्व्ह, ३० मिलिअँपिअर, आणि दुकानात टाइप ए मागा. सी कर्व्ह का, तर गेलेली वीज परत येते तेव्हा यूपीएस आणि त्याच्या मागचे सगळे सप्लाय एका दमात करंट ओढतात. बी कर्व्ह रेटिंगच्या तीन ते पाच पटीला तोडतो, सी पाच ते दहा पटीला, तो हा झटका सोसतो. टाइप ए का, तर कॉम्प्युटरच्या सप्लायमधून गळणारा करंट नेहमी साधा एसी नसतो, आणि जुना टाइप एसी त्याला कधी कधी ओळखतच नाही.

पावसाळ्यात तुमचा आरसीसीबी पडतो त्याचे कोडे असे : ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो, तसे पडणे नियमात बसते. प्रत्येक कॉम्प्युटर सप्लायच्या पोटात आवाज गाळायचे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडा थोडा करंट अर्थमध्ये सोडत राहतात. सर्व्हर, पेटी, यूपीएस, टीव्ही, वॉशिंग मशीन मिळून पाचसहा मिलिअँपिअर असेच वाहतात. बाकीचे जुलैतला ओला पंप भरून काढतो. म्हणजे दोष पंपाचा, उपास सर्व्हरला. तुमचा आरसीबीओ या घरच्या आरसीसीबीच्या आधी जोडला पाहिजे, मेन स्विचनंतर लगेच. त्याच्या मागे जोडला तर सामाईक आरसीसीबी पडला की तुमचीही लाइन गेली. मेन स्विचच्या आसपासचे हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन बंद करून, आणि नंतर मेगर लावून इन्सुलेशन मोजून घ्या. तुम्ही स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन चढू नका.

त्याच डीबीत दोन गोष्टी आणखी घाला. एक, जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा रिले. खांबावरचाच न्यूट्रल तुटला तर संपूर्ण घराची माझ्या भाच्याच्या खोलीसारखी गत होते, तिथे वेगळी लाइन वाचवत नाही, हा रिले वाचवतो. दुसरी, टाइप २ सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे आलेला झटका अर्थकडे वळवणारी डबी. हा बसवताना बहुतेक जण वायरीचे वेटोळे सोडतात. फेजकडून प्रोटेक्टरपर्यंत आणि तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत मिळून अर्ध्या मीटरच्या वर वायर नको. विजेच्या झटक्याला लांब वायर म्हणजे चढण. तो चढण चढत नाही, सपाट वाटेने तुमच्या सर्व्हरकडे जातो.

माडीवर १६ अँपिअरचे दोन सॉकेट पुरे. त्यावर "सर्व्हर" असे लिहून ठेवा, नाहीतर इस्त्री तिथेच लागणार.

अर्थिंगबद्दल कॉम्प्युटरवाल्याचे अर्धे खरे आहे. अर्थिंग चांगले हवे. वेगळे, घराच्या अर्थिंगपासून तोडलेले, अजिबात नको. जवळपास वीज पडली की जमिनीतल्या दोन जागांमध्ये काही क्षण हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. सर्व्हर एका खड्ड्याला आणि बाकीचे घर दुसऱ्याला जोडले असेल, आणि मधे एखादी लॅन केबल असेल, तर तो फरक त्या केबलमधून मिटतो. दुसरा खड्डा हवाच असेल तर काढा, पण दोन्ही खड्डे जाड पट्टीने जोडून एकाच अर्थ-बारवर आणा.

आपल्याकडची जांभ्याची जमीन अर्थिंगला कठीण. पावसात रेझिस्टन्स छान कमी येतो, एप्रिल-मेमध्ये तोच खड्डा कोरडा पडून कितीतरी पट वर जातो. आणि पहिला गडगडाट नेमका मेमध्येच. म्हणून अर्थिंग मोजायचे ते एप्रिलमध्ये, अर्थ टेस्टरने. ऑगस्टमध्ये मोजून आलेला आकडा फसवा. फोंड्याकडच्या एका जुन्या घरात मी पाहिले, अर्थिंगचा पाइप तुळशीवृंदावनाच्या मागे, तुळशीला घातलेले पाणी ओहोळून जाते तिथे पुरला होता. रोज सकाळी एक तांब्या पाणी, वर्षाचे बारा महिने. कोणी इंजिनीयरने सुचवले की आजोबांनी, ते घरात कोणालाच सांगता आले नाही, पण मे महिन्यात मोजले तेव्हाही तीन ओहमच्या आत. तुमच्या अंगणातही वृंदावन असेलच. पाण्याची वाट बघून जागा निवडा. मीठ-कोळसा घालताना मीठ हात राखून घाला, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप तेच खाते.

आणि आता आई. गडगडायला लागले की बंद करून ठेव, हे ती बरोबर सांगते, फक्त तिला एवढे सांगा की स्विच पुरेसा नाही, पिन ओढून काढायची. साधा स्विच फेजच तोडतो, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. फाटकावरच्या कॅमेऱ्याची लॅन केबलही काढा. उघड्यावरून येणारी ती तांब्याची केबल म्हणजे विजेला दिलेले आमंत्रण. पिन काढल्यावर यूपीएस शिटी मारील, मारू दे. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचे मोफत सॉफ्टवेअर घाला. बॅटरी ठरवून दिलेल्या टप्प्यावर आली की सर्व्हर नीट आवरून स्वतःच बंद होतो. मग तुम्ही पणजीला मीटिंगमध्ये असलात तरी आई निर्धास्तपणे पिन ओढू शकते.

प्रश्न : घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी. कॉम्प्युटर आणि राउटर त्यावरच चालवले तर वेगळा यूपीएस घ्यायची गरज आहे का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : राउटरला नाही. कॉम्प्युटरसाठी मी छोटा यूपीएस मधे ठेवीन. वीज जाते आणि इन्व्हर्टर उचलतो त्यामधला वेळ बघा. कॉम्प्युटरचा सप्लाय पूर्ण लोडला सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर साधारण त्या आत उचलतो, साध्या मोडवर असेल तर उशीर होतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट घेतो. मागे एक स्विच असतो, तो कोणत्या मोडवर आहे ते आधी पाहा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. इन्व्हर्टरमागे छोटा यूपीएस असला की तो ही फट भरतो आणि बॅटरी तास-तास इन्व्हर्टरची वापरली जाते. कागदावर १२ व्होल्ट गुणिले १५० एएच (अँपिअर-अवर), म्हणजे १८०० वॉट-अवर. त्यातले निम्मे भरवशाचे धरा. शंभर वॉटचा लोड असेल तर नऊ तास, पंखे लावले नाहीत तर. पंखे लावणारच तुम्ही.

तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असता तर ही जोडी जमली नसती. बरेच यूपीएस ती लहर वीज म्हणून मान्यच करत नाहीत, सतत बॅटरीवर राहतात आणि रिकामे होतात. आणि इन्व्हर्टरकडून कॉम्प्युटरकडे नवी लाइन ओढाल तर वरचे उत्तर वाचा. न्यूट्रल तिथूनच, उसना नाही.

प्रश्न : यूपीएसची बॅटरी दीड वर्षात गेली. दुकानदार म्हणतो तीन वर्षे जायला हवी होती. यूपीएस हॉलमधल्या बंद कपाटात आहे, वर सेट टॉप बॉक्स.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, दुकानदार खोटे बोलत नाही, कपाट बोलते. या सीलबंद बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते. त्याच्या वर दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. म्हापशाच्या मे महिन्यात बंद कपाटात, वरून सेट टॉप बॉक्सची ऊब, खालून चार्जिंगची. आत थर्मामीटर ठेवून एक दुपार पाहा. यूपीएस जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटे लांब, उघड्यावर ठेवा. नवी बॅटरी घेताना तिच्यावरची बनावटीची तारीख वाचा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी तिथेच म्हातारी होते. जुनी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानदाराला परत द्या, पैसेही कमी होतील. आत शिसे असते.

प्रश्न : यूपीएसची बारीक पिन मोठ्या सॉकेटात सैल बसते, जरा हलली की वीज जाते. पिनेवर कागदाची घडी घालून बसवली आहे. चालेल ना?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : नाही. सहा अँपिअरची पिन सोळाच्या सॉकेटात जेमतेम टेकते, जिथे टेकते तिथे तापते, आणि तुम्ही तिथे नेमका कागद ठेवला आहे. सहा आणि सोळा दोन्ही पिना घेणारा सॉकेट मिळतो, तो बसवून घ्या. कागद आजच काढा. काढल्यावर त्याची कड बघा, तपकिरी झाली असेल.